राजाची मिशी

आत्या, तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. काल भाषणाचा सराव करताना मी तुझी जुनी मिशी लावली. तिच्या डिंकाने वरचा ओठ लालभडक झाला, आणि तोच ओठ घेऊन आज राजवाड्याजवळच्या सभागृहात तुझ्या स्मृतिसभेत बोलावं लागलं. ज्याने त्याने चौकशी केली. मी ‘उष्णता’ म्हणाले. तंजावुरात उष्णतेवर कुणी शंका घेत नाही.

तमिळ नाटकांत तू राजा व्हायचीस, देवळांच्या उत्सवांत गायचीस. पुढे सिनेमाने बोलावलं, मिशी उतरवली आणि तुला नायकाची आई केलं. सुरुवातीलाच खोकून मरायचीस. तू मेलीस की आमचं अख्खं घर थिएटरातून उठायचं. त्या सिनेमांचं पुढे काय झालं ते मला अजून ठाऊक नाही. “इतकी वर्षं राज्य केलं, आता पगार घेऊन रडते,” असं तूच हसत सांगायचीस.

शाळेत मी स्वतःच्या नावावरच अडखळायचे. वर्ग हसायचा, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. एका दुपारी तू इडलीच्या पिठाचा हात धुतलास, तुझ्या नाटकाच्या डब्यातून मिशी काढून माझ्या ओठावर चिकटवलीस आणि स्वयंपाकघरातल्या आरशासमोर मला उभं केलंस.

“बोल डी पोरी, नाव सांग.”

“ज-ज-जमत नाही.”

“घाई कुणाला आहे? राजा थांबला की दरबार थांबतो.”

मी थांबले. नाव सबंध बाहेर आलं. तेवढ्यात परसातून अम्मा आली. “अय्यो, पोरीला मिशी! हिला बायको कोण करून घेईल?”

“आधी त्याला हिच्यापुढे बोलता येऊ दे,” तू म्हणालीस.

त्याच तोंडावर आज माझं पोट चालतं. लोकांना टोमणे मारते आणि ते छापून आणते. कौतुक झालं तर ते तुझं, शिव्या आल्या तर त्याही तुझ्याच.

आज माइकसमोर पहिलाच शब्द अडला. मी घाई केली नाही. दरबार थांबला. मग बोलले, आणि मला हवं तिथेच लोक हसले.

दुसऱ्याची मिशी पहिल्यांदा लावली की मिशीच्या मालकाला विडा द्यायचा, ही तुमच्या नाटक कंपनीतली रीत. “मोठी झालीस की दे,” म्हणाली होतीस. घरी येऊन मिशीच्या डब्याशेजारी विडा ठेवला, तुला आवडायचा तसा, चुना जरा जास्त. मराठी बोलायचीस तरी देवनागरी तुला वाचता येत नव्हती, तेव्हा हे पत्र धाडायचा प्रश्नच नाही. ते डब्याखाली राहील.

एक मात्र सभेत बोलले नाही. तुला राजा झालेलं मी कधी पाहिलंच नाही. मी पाहिलेला राजा एकच, त्या आरशातला.