सव्वीस खणांची पेटी आणि बारा बैलांचे गोणपाट

श्री गजानन प्रसन्न.

शके १७३९, ईश्वरनाम संवत्सर, आश्विन वद्य तृतीया. मी धोंडो रामाजी सोवनी, वय अदमासे बासष्ट, पेठ सदाशिव, पुणे, पेशवे सरकारच्या दफ्तरी फडावर इंग्रजी कागद वाचणारा कारकून, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. पायांवर सूज आहे आणि वैद्यबुवा नाडी धरून खिडकीबाहेर पाहू लागले आहेत, यावरून समजायचे ते समजलो. बुद्धी शाबूत आहे. ती ठिकाणावर नसल्याचे कृत्य एकदाच घडले, गेल्या श्रावणात, आणि तेव्हा प्रकृती ठणठणीत होती. कोणाच्या भिडेस न पडता लिहितो. ती हौस नोकरीत पुरती फिटली.

कलम पहिले. राहती जागा पुतण्या अनंत याला. तो तीन वर्षे माझी प्रकृती विचारायला येतो आणि जाताना ओसरी पावलांनी मोजतो. सतरा पावले आहे. आता मोजू नये.

कलम दुसरे. बोरू, चाकू व दौत फडावरच्या नव्या कारकुनांना. बोरू मी तासलेले आहेत, चांगले चालतील. लिहिणाऱ्यांची हमी मी देत नाही.

कलम तिसरे, पेटीचे. हे लांबेल.

इंग्रजी अक्षरे सव्वीस, म्हणून सुताराकडून सव्वीस खणांची पेटी करून घेतली. इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहायचा, खाली मराठी अर्थ. शब्दात जितकी अक्षरे, तितक्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक आपापल्या अक्षराच्या खणात. कागदातली दोन-तीनच अक्षरे हाती लागली, तर तेवढे खण चटईवर उपडे करायचे; जी चिठ्ठी सगळ्या ढिगांत सापडेल, तो शब्द असू शकतो. अठरा वर्षे मी हे केले. फडाचे मुख्य दिगंबरपंत याला पोरखेळ म्हणत. पंतांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, त्यामुळे त्यांचे मत नेहमी ठाम असे.

चिठ्ठ्या जुळवण्यात माझ्याहून तरबेज होती सरूबाई, येरवड्याची कुणब्याची विधवा, फडाच्या अंगणात झाडलोट करणारी. तिला वाचता येत नाही. पण अक्षरांची वळणे पाहून ती असे ढीग जुळवी, की मी चष्मा पुसेपर्यंत चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवलेल्या असत.

श्रावणात संगमावरच्या इंग्रज वकील साहेबाचा फाडलेला मसुदा केरातून आमच्याकडे आला. तुकडे जुळवले. ओळ लागली: मुंबईहून बारा नग पाठवावे, दर नगास बारा बैल. कसले नग, तेवढे लागेना. त्या शब्दाचे नखाएवढे तीन तुकडे राहिले होते, जी, यू आणि एन. क्रम ठाऊक नाही, आणखी किती हरवले तेही ठाऊक नाही. सरूबाईने तीन खण उपडे केले आणि पाच चिठ्ठ्या काढल्या. अर्थ मी वाचून दाखवले: जीभ, भूक, तरुण, गोणपाट, तोफ.

पहिल्या तिन्हींना बैल लागत नाहीत. पंत म्हणाले, गोणपाट. पावसाळा आहे, साहेब माल झाकणार. दाराशी उभी सरूबाई म्हणाली, "एका गोणपाटाला बारा बैल? मंग सायबाचं गोणपाट लोखंडाचं हाय."

पंतांनी तिला अंगण झाडायला पाठवले. मग कागद माझ्यापुढे सारून हळूच म्हणाले, "धोंडोपंत, वाड्यावर सगळ्यांना झोप लागेल असा शब्द लिहा."

मी गोणपाट लिहिले आणि खाली सही केली. तोफ आहे हे मला कळत होते. मी भ्यालो, दुसरे कारण नाही.

ती गोणपाटे आता गारपिरावरच्या इंग्रजी छावणीत चाकांवर उभी आहेत आणि त्यांची तोंडे शहराकडे आहेत. वाड्यावरून विचारणा झाली, तेव्हा पंतांनी सांगितले की चिठ्ठी सरूने काढली, चूक तिची. तिचे काम गेले. येत्या सोमवारी चौकशी आहे. अपराध शाबीत झाला तर येरवड्याचे घर जप्त होणार. मला तिच्यापुढे मान वर करवत नाही.

म्हणून लिहून देतो. तोफ सरूबाईने ओळखली. गोणपाट पंतांचे. सही माझी. त्या पाच चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून पेटीत ठेवल्या आहेत. पेटी नदीत टाकावी, असा पंतांचा दोनदा निरोप आला. ती सर्व खणांसह सरूबाईस दिली आहे. कुणब्याच्या घरी विद्या कशाला, असे अनंत म्हणाला. त्याने आपली ओसरी सांभाळावी.

कलम चौथे. दिगंबरपंतांस एक गोणपाट, नवे, कोरे. उचलायला बारा बैल त्यांनी आपले आणावेत. मृत्युपत्रात आपल्याला काही ठेवले आहे म्हटल्यावर पंत नक्की येतील, म्हणून हे कलम.

कलम पाचवे. हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता सोमवारी चौकशीत मोठ्याने वाचावा. मी असलो तर डोलीत बसून येईन आणि जी शिक्षा होईल ती घेईन. नसलो तर पंतांना माझ्याकडे पाहून डोळे वटारता येणार नाहीत, एवढीच सोय.

साक्ष: अनंत सोवनी, दस्तुर खुद्द. नाखुषीने, पण अक्षर चांगले आहे.

साक्ष: हिंदुराव शितोळे, शेजारी. निशाणी कट्यारीची.

पेटी मिळाल्याबद्दल: सरूबाई, मौजे येरवडा. निशाणी नांगराची काढ म्हटले, तर म्हणाली, "नांगर मालकाचा हुता. माझं खण मला ठावं हायेत." आणि पेटीकडे न पाहता तिने ‘सरू’ या आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे काढली.

मी गेल्यावर फडावर ती कोणाला ओळखता येणार नाहीत. पंतांनी तिलाच विचारावे.

धोंडो रामाजी सोवनी
मुक्काम पुणे