उपवासाची गोळी

जालना
सातवी माळ, १९९८

प्रिय अक्का,

कारभारी रिकामी जीप घेऊन परत येईल. आशाबाईला मी पाठवत नाही. तुझा निरोप त्याने शब्दाला शब्द सांगितला: 'अक्का म्हन्ल्या, आशाबाई बरी झाली आसंल तर जल्दी बसवून आण, प्लॉटवर हात कमी पडून राह्यले.' आशाबाईनेही तो ऐकला. तेव्हापासून ती गाठोडं मांडीवर घेऊन कॉटवर बसली आहे आणि माझ्याकडे बघत नाही. कारभारी चाकाचं पंक्चर काढायला गेला आहे, तेवढ्यात हे लिहिते. तोंडी सांगितलं असतं, पण तीर्थपुरीपर्यंत जाता जाता त्याचं 'बाईला आनखी बरं न्हाई' एवढंच उरलं असतं. आणि तसं नाही. आशाबाईला बरं वाटतंय. मला भीती त्याचीच आहे.

परवा तू तिला दवाखान्यात माझ्या हवाली करून गेलीस तेव्हा तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. काल सकाळी उलट्या थांबल्या. तिने तोंड धुतलं, वेणी घातली आणि मी औषधांच्या काउंटरवर होते तिथे येऊन उभी राहिली. डोकं दुखतंय, गोळी द्या म्हणाली. मी दिली नाही. 'ताई, सारं दुकान गोळ्यायचं आन् मला एक द्यायाला जीव जातो तुमचा? मंग दुकान कायला मांडलं?' गिऱ्हाइकं हसली. मीही हसले असते. पण ताट पुढे ठेवलं की ती ते सरकवत होती, आणि बोलता बोलता उजव्या बरगडीखाली हात दाबून धरत होती. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. आज निकाल आला. तिच्या यकृताला मार बसला आहे, आणि तो थोडाथोडका नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर काल काही नव्हतं. आज पिवळी झाक आहे.

असं मी एकदा पाहिलं आहे. डी.फार्म. संपताना आम्हाला मोठ्या दवाखान्यात काम करावं लागे, तेव्हा. मंठ्याकडची एक बाई होती, दाढदुखीने हैराण. दुखणं थांबेना म्हणून दिवसभर तापाच्या गोळ्या खात राहिली. दाखल झाली तेव्हा उलट्या, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. भाकरी का देत नाही म्हणून तिने नर्सशी भांडण काढलं. नवऱ्याने घरी जायला नवं लुगडं आणलं. घरी न्यायच्या औषधांचं पाकीट मी भरून ठेवलं होतं. ते न्यायला कोणी आलं नाही. त्या पाकिटाविषयी मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कोणालाच नाही. तू म्हणतेस मी आतल्या गाठीची आहे. असेन.

आता गोळीचं. तुमच्याकडे मजुरीबरोबर 'चहा-गोळी मालकाची' हे कधी ठरलं ते मला माहीत नाही. श्रावणात आले तेव्हा पाहिलं. बियाण्याच्या कपाशीचं क्रॉसिंगचं काम एक दिवसही थांबवता येत नाही हे मला कळतं. दुपारनंतर कपाशीच्या कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यांच्यावर फिरवायचं; बाई आजारी पडली की तिच्या ओळीतलं बी गेलं. बांधावर चहाची किटली होती, शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात सुट्या पांढऱ्या गोळ्या. बायनाबाई मुकादमीण हातावर प्रसाद ठेवावा तशी एकेक ठेवत होती. दाजी मला म्हणाले, 'काय बघून राह्यल्या मेव्हणीबाई? डिझेल टाकल्याबिगर इंजन चालतं का?' बाया हसल्या. भाकरी खाऊन आलेल्या बाईला सकाळी एक गोळी, यात जीव जाण्यासारखं काही नव्हतं.

नवरात्रात भाकरी गेली आणि गोळी राहिली. हे मला काल कळलं. आशाबाईला विचारलं, उपवासाला काय खात होतीस? 'चहा. आन् गोळी.' गोळी चालते का उपवासाला? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीच शिकलेली नाही. 'बायनाबाई म्हन्ली, गोळी काय धान्य हाय का? तिनं उपास कसा मोडंल?' मग भुकेने डोकं चढलं की एक. उन्हात पाठ भरली की दोन. ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरची कागदाची पुडी, आणि शिवाय बाजारातून आणलेली अंगदुखीची पिवळी गोळी. ती तिच्या पदराच्या गाठीत होती, मी सोडून पाहिली. आशाबाईला वाटतं तिने तीन औषधं घेतली. अक्का, ते औषध एकच आहे. पांढऱ्या गोळीत पॅरासिटामॉल, पिवळीत तेच आणि जोडीला आणखी एक, पुडीतही बहुतेक तेच कुटलेलं. रंग बदलला म्हणून यकृत फसत नाही.

हे औषध विष नाही. मी रोज देते, उद्याही देईन. पण त्याचा काही भाग शरीरात गेल्यावर विषारी होतो आणि त्याची विल्हेवाट यकृताला लावावी लागते. त्यासाठी यकृताजवळ साठा लागतो, आणि तो अन्नातून भरतो. आशाबाईचं वजन चाळीस किलोही नाही. पोटात पाच दिवस नुसता चहा. तिच्याजवळ साठा कुठून असणार? आणि हे नुकसान ओरडत नाही. उलटी होते, थांबते, माणूस उठून कामाला लागतो, आणि आत काम चालू राहतं.

मला आठवतं, लहानपणी मला ताप आला की तू गोळी अडकित्त्याने मधोमध कापायचीस आणि अर्धी मला द्यायचीस. मी सगळी मागायचे, कारण शेजारच्या झुंबरबाईच्या पोरीला सगळी मिळायची. 'तिचं आंग बघ, तुझं बघ,' म्हणायचीस. आधी दूधभात भरवायचीस, मग गोळी. तेव्हा तू सातवीत होतीस आणि आई नव्हती. तुला हे कोणी शिकवलं होतं, मी कधी विचारलं नाही. अण्णांनी मला शिकायला जालन्याला पाठवलं तेही तू दोन दिवस चूल पेटवली नाहीस म्हणून. त्यामुळे तुला अडाणी समजून लिहितेय असं वाटून घेऊ नकोस.

तो डबा आज बंद कर. बायनाबाईला राग आला तर येऊ दे. जेवत्या-खात्या मोठ्या माणसाने ही गोळी एका वेळी एक, फार तर दोन घ्यावी, मध्ये निदान सहा तास जाऊ द्यावेत, आणि दिवसभरात आठच्या वर कधीही जाऊ नये. किरकोळ अंगाची, उपाशी, दारू पिणारी, कावीळ होऊन गेलेली माणसं असतील तर त्याहून पुष्कळ कमी, तीही डॉक्टरांना विचारून. दुसरी कुठलीही गोळी किंवा पुडी हातात आली तर आधी विचारायचं, हिच्यात तेच आहे का? प्लॉटवर ज्यांनी उपवास धरला आहे त्या प्रत्येकीला विचार: उलटी झाली का, अन्न नकोसं वाटतं का, उजवीकडे दुखतं का. एखादी म्हणाली की झाल्या होत्या उलट्या, आता बरं आहे, तर तिला आधी दवाखान्यात पाठव.

आशाबाईला आम्ही आज औरंगाबादला हलवतोय. या विषावर उतारा आहे, पण तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी. तिला उशीर झाला आहे. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, नुसते गाडी लवकर बोलवा म्हणाले. तिचा नवरा म्हस्कू मेंढरं घेऊन टेंभुर्णीकडे गेला आहे, त्याला निरोप पाठवला. तोवर तिच्याजवळ मी. म्हणून मी स्वतः जीपमध्ये बसले नाही.

आशाबाईचं सांगायला एवढा कागद लागला नसता. पंक्चर काढायला जाता जाता कारभारी हसत म्हणाला, 'अक्का बी लई कडक हायेत बरं का. कडक उपास धरलाय. काल दिसभर उलट्या करून राह्यल्त्या, गोळ्या खाऊन पडल्त्या. आन् आज बघा, सगळ्यायच्या आधी प्लॉटवर!' मी त्याला विचारलं, जेवली का? 'न्हाई, वासच नको म्हन्त्यात.' मग मी कागद घेतला. नुसतं 'ये' लिहिलं असतं तर तू हसली असतीस आणि दसरा झाल्यावर येते म्हणाली असतीस. अक्का, घट सासूबाई बघतील. प्लॉट दाजी बघतील, आणि नाही बघितला तर राहू दे. तिथे पोचल्यावर जीप बंद करू नको म्हणून कारभारीला मी सांगून पाठवते आहे. जालन्याला वळू नकोस, सरळ औरंगाबादला ये. कुठल्या दवाखान्यात तेही त्याला सांगते, मी दारात उभी असेन. हे वाचताना तुला अगदी बरं वाटत असेल. तशीच बस.

तुझीच,
गया