फुरकानचा ई-मेल पत्ता

१२ फेब्रुवारी २००१

पुन्हा परत आली! खातूनखालांची ही तिसरी मेल. उत्तर एवढंच — या नावाचं इथे कोणी नाही. सायबर कॅफे थाटून अख्ख्या नंदुरबारला इंटरनेट शिकवायला निघालेली मी, आणि मला एक पत्ता लागत नाही!

खालांना सांगितलं.  त्यांनी हळूच विचारलं, "तोच परत धाडी ऱ्हायना का, सुनिता?"

दोन वर्षांपूर्वी फुरकानने अतिकाशी लग्न केलं म्हणून त्यांनीच पोटच्या पोराला घराबाहेर काढलं. तो पुण्याला गेला. परवा त्याचं पहिलं पत्र आलं — खोली बदलतोय, पोस्टाचा पत्ता पक्का नाही, ई-मेल कर. खाली पत्ता. बस्स.

परत पाठवतं ते मशीन, माणूस नाही — किती समजावलं! पटलं नाही.

१३ फेब्रुवारी

हा एल की एक? हे शून्य की ओ? सगळं करून पाहिलं. मधेच फोनची लाइन गेली. रडूच आलं.

१५ फेब्रुवारी

खाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आते." पण उठल्या नाहीत.

रोज उघडून उघडून पत्र घडीवर फाटायला आलंय. मूळ कागद तरी जपून राहील म्हणून शेजारी जगदीशच्या दुकानात झेरॉक्स काढली.

आणि झेरॉक्समध्ये वहीच्या फिक्या निळ्या रेघा उमटल्याच नाहीत! नुसती फुरकानची अक्षरं — आणि ई-मेल पत्त्यात नाव-आडनावाच्या मध्ये, खाली, एक छोटी आडवी रेघ. अंडरस्कोर! वहीच्या रेघेवर नेमकी बसली होती. मी नुसती फट समजत होते. गाढव मी!

लगेच मेल पाठवली. मजकूर खालांचाच: "वेळवर जेवस का?"

१६ फेब्रुवारी

परत आली नाही. उत्तरही नाही. खाला दोनदा येऊन गेल्या.

१७ फेब्रुवारी

उत्तर आलं. फुरकानचं नाही!

"अम्मी, मी अतिका. हे कामावर गेलेत. तुमचं पत्र मीच उघडलं, माफ करा. मुलगी झाली, आज पाच दिवसांची आहे. नाव तुम्हीच ठेवावं, असं आमच्या दोघांच्या मनात आहे."

मी वाचून दाखवलं.  खालांनी पदराने तोंड पुसलं.

"अतिकाले लिही दे," म्हणाल्या, "नाव तठे पुण्याले ईसन सांगसू."