तीनाचा खण

६ नोव्हेंबर १९३५, बुधवार

आज हातून आकड्यांचे खण सांडले! सगळे खिळे, शिशाचे एकेक आकडे, फरशीवर. छापखान्यात अकरा वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. छपाईच्या यंत्रावरचा मौलाली हसला – "क्या तिप्पण्णा, ध्यान किधर?"

ध्यान गावी, मैंदर्गीला. सकाळीच बायकोचं, राजाबाईचं पत्र आलं होतं. घरी आम्ही कानडी बोलतो, पण तिला लिहिता येत नाही, शाळेचे मास्तर तिचं बोलणं मराठीत उतरवतात. "मायाक्का चालाया लागली. फेटेवाला कोनी बी दिसला की अप्पा म्हनती. खोली कवा घेताव?"

पोरगी कुणालाही अप्पा म्हणते. बसून एकेक खिळा आपापल्या खणात टाकत होतो, कानात तेच वाक्य. खिळ्यावर सगळं उलटं असतं. तीन सहासारखा दिसतो, सहा तीनासारखा. नवख्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. संध्याकाळपर्यंत सगळे खण भरले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात जुळवली. जुळवताना अर्थ कळत नाही, नुसती अक्षरं दिसतात. अर्थ कळला तो प्रूफ वाचताना. संपादकसाहेब तापानं आजारी, म्हणून प्रूफ मलाच वाचायला दिलं.

"बातमीदारीचे शिक्षण टपालाने. मुदत सहा महिने. फी रु. ४० एकरकमी. प्रमाणपत्र मिळालेल्यांस दरमहा रु. ६० पर्यंत मिळकत."

साठ! मूळ कागदाकडे बघायचंही राहिलं.

८ नोव्हेंबर

हिशेब केला. मला मिळतात अठ्ठावीस. दहा वडिलांना जातात, उरलेल्यात खाणावळ, खोलीतला वाटा, तेल-साबण. साठातून अठ्ठावीस गेले, राहिले बत्तीस. म्हणजे चाळीस रुपये फी सव्वा महिन्यात वसूल! परत परत मांडून बघितलं, तेच येतं.

जवळ तीस आहेत. खोलीसाठी साठवलेले. ते आत्ता मोडले तर राजाबाईला आणणं लांबणीवर. न मोडले तर अठ्ठावीसात तिला आणून खायला काय घालू?

९ नोव्हेंबर, शनिवार

अंक निघाला. मौलालीला जाहिरात दाखवली. तो वाचत नाही लगेच, आधी शाई हुंगतो. मग म्हणाला, "साठ? अपने संपादकसाब को चालीस मिलते. तुझे साठ कौन देगा रे?" मी चिडलो. म्हटलं, मुंबईचं तुला काय कळतं? दिवसभर बोललो नाही त्याच्याशी. आता वाईट वाटतंय. इथं दुसरं आहे कोण बोलायला?

१० नोव्हेंबर, रविवार

राजाबाईला सगळं लिहिलं. साठ हा आकडा अक्षरात लिहिला, म्हणजे मास्तरांनी चुकीचा वाचू नये. दहा रुपये कमी पडतात तेही लिहिलं. लिहायला नको होतं.

१४ नोव्हेंबर

काही नाही. खाणावळीत भाकरी गार. दिवसभरात कानडीतला एक शब्द तोंडून निघाला नाही. झोपताना स्वतःशीच "साकु" म्हटलं – पुरे. आपलाच आवाज परका वाटला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मनीऑर्डर आली! दहा रुपये. तिनं दोन शेळ्या विकल्या. त्यातली एक गाभण होती, मला माहीत आहे. खाली मास्तरांच्या अक्षरात: "शेळ्या काय, परत हुतील. तुमी शिका. पर मी आता हितं ऱ्हानार न्हाय."

पोस्टमनसमोर डोळे भरले. लाज वाटली. शाईचे हात, डोळेही पुसता येईनात.

१९ नोव्हेंबर

चाळीस रुपये पाठवले. पावती उशीखाली आहे.

२६ नोव्हेंबर

पहिला धडा आला. बातमी लिहिताना आधी काय घडलं ते सांगावं, मग कुणाला, कुठं, केव्हा. सोपं आहे की! मौलालीशी बोललो. चहा त्यानंच पाजला. म्हणाला, "बातमीदार हो गया तो मेरेकू भूलना नक्को." हसू आलं. किती दिवसांनी!

१ डिसेंबर, रविवार

राजाबाई बुधवारी येते! अक्कलकोट रोडला गाडी धरणार. घरच्यांना सांगून टाकलं म्हणे – माझ्या मानसाला साठ मिळनार हाईत, आता कशाला थांबू? मी थांब म्हणून लिहायला हवं, खरंतर. सहा महिने आहेत अजून. पण नाही लिहिलं. मला एकट्यानं राहायचं नाही. मौलालीच्या मेहुण्याची खोली आहे, सहा रुपये भाडं. होय म्हणून आलो. हरभरे आणि गूळ आणून ठेवला. मायाक्काला दात किती आलेत कोण जाणे.

४ डिसेंबर, बुधवार. दुपारी

मुंबईहून संस्थेचं पत्र आलं. मालकांनी ते माझ्याकडेच जुळवायला दिलं. "आमच्या जाहिरातीत मिळकत रु. ६० अशी छापली गेली. ती रु. ३० अशी वाचावी."

तारेला लावलेला मूळ कागद काढून बघितला. तीसच. तीनाचा खण कागदावर ओतला. त्यात चार सहा निघाले. खण सांडले त्या दिवशी मीच टाकलेले.

तीसातून अठ्ठावीस गेले, दोन. फी वसूल व्हायला वीस महिने.

मालकांनी विचारलं, चूक कुणाची? माझी म्हणालो. शुद्धिपत्र जुळवलं, आकडे डोळ्यांसमोर धरून. एक प्रत घडी करून खिशात ठेवली आहे. गाडी साडेपाचला. राजाबाईला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवायचं आहे.