शंभरपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार
नेरळ स्टेशनबाहेर माझा फोटो लागलाय. दाराएवढा. हातात इंटरनेटचा डबा, तोंडभर हसू, खाली मोठ्या अक्षरात – 'पोशीरच्या रोहिणीताई म्हणतात, वायरीविना शंभरचा स्पीड!' मी असं कधीच म्हटलेलं नाही. डबा बसवला त्या दिवशी कंपनीचा हरेश म्हणाला होता, "ताई, एक फोटो, ऑफिसात दाखवायला."
आणि घरी स्पीड मोजावा तर सहा. संध्याकाळी मुंबईतल्या मुलांची गणिताची शिकवणी असते. शिकवता शिकवता तोंड उघडं ठेवून गोठते मी पडद्यावर.

४ नोव्हेंबर
कंपनीला फोन केला. "मॅडम, खाली बारीक अक्षरात शंभर'पर्यंत' लिहिलंय. सहा त्यातच आलं ना?"
हे मला गणित शिकवतात.

७ नोव्हेंबर
हरेश आला. गच्चीवर गेला, खाली आला. "झाडं आडवी येतात, ताई." झाडं काय काल उगवली? फोटो उतरवा म्हटलं तर – "ते माझ्या हातात नाही."

११ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारच्या गौराबाई भाताची झोडणी टाकून आल्या. काल त्यांच्या सुनेची – ऋतिकाची – नोकरीची मुलाखत होती. घरूनच, लॅपटॉपवर. पहिल्याच प्रश्नाला चित्र थांबलं. पुन्हा लागेपर्यंत पलीकडचे उठून गेले होते. पोर जेवली नाही.
"पण तुम्ही हे कनेक्शन घेतलंत कधी?"
"तो बोर्ड बघून गं. म्हटलं, आपली रोहिणी सांगतेय म्हंजे खरंच असंल."
रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
ऋतिकाने आणि मी बसून तक्रार लिहिली. माझा फोटो, तिची मुलाखत, सगळं. सोमवारी अलिबागला ग्राहक आयोगात द्यायची. गौराबाई म्हणाल्या, "मी पन येते. सांगायला कोन तरी पायजे ना."

१६ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी दोघी आल्या.
"कंपनीवाले आलेले. झाडांच्या वरनं सिग्नल यावा म्हनून त्यांचा खांब आमच्या गच्चीवर लावतायत. भाडं देनार. ऋतिकाला घरातनं काम करता येईल. आता तक्रार नको ना गं?"
ऋतिका मागे उभी. माझ्याकडे बघत नव्हती.
"आन् स्पीड आला की तुझा फोटो पन खरा व्हईल."
मी चहा ठेवला. तिघींनी प्यायला.
कागद पिशवीत भरून ठेवलेत. सकाळची एसटी आहे. एकटीच जाईन.