अकरा ओळींची जागा

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादा आता धोक्याबाहेर आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फुप्फुसातलं पाणी उतरलंय, चार दिवस ताप नाही, पण अजून पंधरा दिवस तरी सोडणार नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की हे गृहस्थ खातात तरी काय. मी म्हटलं, कविता. त्या हसल्या नाहीत.

पार्सल कचेरीतले हेडक्लार्क भेटायला आले होते. त्यांनी सांगितलं की पत्ते लिहिण्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम पूर्ण दिवसाचं करून घ्या म्हणून त्यांनी दादाला तीनदा विनवलं. तिन्ही वेळा दादाचं उत्तर एकच, की दुपार माझी आहे. अर्ध्या पगारात अर्धपोटी राहून दुपार राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं ते म्हणाले. मला अभिमान वाटला, आणि त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

तू सांगितल्याप्रमाणे खोलीवर जाऊन आलो. खोली नऊ फूट बाय साडेसात. टेप लावूनच सांगतोय. एक खाट, एक स्टोव्ह, दोन सदरे, खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. ट्रंकेत त्याची छापलेली दोन पुस्तकं, त्यातलं एक उंदरांनी आपल्या आधी वाचलंय. एवढ्याशा जागेत माणूस सत्तावीस वर्षं एकटा राहिला आणि कधी कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटं जास्त बसलं तरी मला जीव नकोसा होतो.

पण ते टेबल! सुताराच्या सख्ख्या भावाकडे असलं टेबल म्हणजे माझ्या तोंडाला काळं. एक पाय बोटभर आखूड, त्याखाली वीट. वरच्या फळीवर पेल्यांची वर्तुळं, तेलाचे डाग, आणि शेजारपाजारच्या कार्ट्यांनी मारलेल्या असतील, पेन्सिलीच्या रेघोट्याच रेघोट्या. हातगाडीवर घालून सरळ दुकानात नेलं. पाय बदलला, सांधे सोडवून सरसाने पुन्हा बसवले, आणि फळीवर मन लावून रंधा मारला. खालून काय निघावं? अस्सल साग, सरळ रेषांचा! वर पॉलिशचे तीन हात दिले. हे काम मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. पण आता त्या फळीवर मोहरीचा दाणा ठेव, हलणार नाही.

दादाला यातलं काही बोललेलो नाही. दार उघडल्यावर त्याचं तोंड बघायचंय.

तुझी माया आहे तेवढी राहू दे. कमी पडली तर मी मागून घेईन.

तुझा
धाकटा

ता. १० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. अरे शहाण्या, काय करून बसलास! त्या रेघोट्या कुणा कार्ट्यांच्या नव्हत्या. त्या दादाच्या ओळी होत्या.

मागच्या वर्षी चार दिवस त्याच्याकडे राहिले होते ना, तेव्हा ओलं फडकं घेऊन मी टेबल पुसायला गेले, तर जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मग स्वतःच ओशाळला आणि सगळं सांगितलं. कविता तो आधी लाकडावर लिहितो. कागद परवडत नाही हे आहेच. पण तो म्हणाला की कागद दिसला की हात सैल सुटतो. फळीवर जागा बेताची. एक शब्द लिहायचा तर आधीचा एक ओल्या अंगठ्याने पुसावा लागतो, म्हणून जो राहतो तो आपल्या हिमतीवर राहतो. कविता पुरी झाली की मगच कागद. पार्सलांवर तो ज्या अनोळखी माणसांचे पत्ते लिहितो, त्यांच्यावरची एक लांब कविता दोन वर्षं त्या फळीवर चालली होती. जेवायची ताटलीसुद्धा तो मांडीवर घ्यायचा.

कुणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी तोंड शिवून बसले. तुला तरी सांगायला हवं होतं. तेव्हा निम्मं पाप माझ्या पदरी घाल.

सांगायचं मात्र तूच. मी मध्ये पडणार नाही. त्याने ते दार उघडण्याआधी त्याला कळलं पाहिजे. समोर उभा राहिलास तर एक तर रडशील नाही तर भांडशील, त्यापेक्षा लिहून दे. आणि रंध्याच्या ढलप्या कुठे टाकल्यास? आधी त्या शोध.

मी रागावलेय, पण तुला टाकलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई

ता. १३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र नर्सबाईंच्या हाती वर पाठवतोय. मी खाली फाटकापाशी बाकावर आहे.

तुझं टेबल मी रंधून गुळगुळीत केलं. फळीवर काय होतं ते मला ताईच्या पत्रातून काल कळलं. बढाई मारायचो की लाकडातली केसाएवढी चीर मला दहा फुटांवरून दिसते. त्या फळीवरचा प्रत्येक डाग मी पाहिला, दादा. प्रत्येक. फक्त वाचलं नाही. वाचायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ढलप्या सरस तापवायच्या शेगडीत गेल्या. काल दुकानाचा कोपरा न् कोपरा झाडला, तेव्हा तीन मिळाल्या. पाकिटात घातल्यात, जपून उघड, तुटतात. उजेडात धरून पाहिलं. दोनांवर नुसत्या अर्ध्यामुर्ध्या रेषा आहेत. तिसरीवर एक आख्खा शब्द आहे, आणि तो शब्द ‘आणि’ आहे.

माफ कर असं लिहिणार होतो, पण ते फार स्वस्त वाटलं. तू सांगशील ते करीन. कधीच येऊ नकोस म्हणालास तर तेही.

तुझा हात डोक्यावर राहील की नाही, हे आज तुझ्यावर सोडलंय.

तुझा
धाकटा

ता. २० जानेवारी

चि. गुण्यास,
अ. उ. आ.

जगातले सगळे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे बघत हिंडतोस, म्हणून लहानपणी तुझ्याच हत्याराचं हे नाव मी तुला ठेवलं होतं. ते अजून शोभतं.

खरं ते लिहितो. राग आला. तू त्या दिवशी चार तास बाकावर बसला होतास, ते मला खिडकीतून दिसत होतं. मुद्दाम बोलावलं नाही. ताप पुन्हा चढला की काय म्हणून नर्सबाईंनी दोनदा हात लावून पाहिला.

संध्याकाळी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे त्यांनीच फाडून दिले. पहिल्या दिवशी चाळीस ओळी आल्या, माझ्या आधी दारात येऊन उभ्या असल्यासारख्या. आज आठवा दिवस. एकशे सोळा ओळींपैकी एकशे पाच परत मिळाल्या, आणि त्यांतल्या नऊ पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. हे तुला खूश करायला लिहीत नाही. कवितेच्या बाबतीत मी कुणाला खूश करत नाही, म्हणून तर पुठ्ठ्याच्या खिडकीआड राहतो.

अकरा ओळी मात्र गेल्या. कचेरीत एक म्हातारी यायची. दर महिन्याला एकाच पत्त्यावर पार्सल पाठवायची, ते दर महिन्याला परत यायचं, आणि ती तेच पुन्हा माझ्यापुढे ठेवायची. मी पत्ता पुन्हा लिहायचो. ती बाई मला लख्ख दिसते, तिच्या ओळी दिसत नाहीत. तीनदा नव्याने लिहून पाहिलं. ओळी चांगल्या झाल्या, पण खोट्या. फाडल्या.

तू माझं दोन वर्षांचं काम पुसलंस, हे मी विसरणार नाही. चार तास बसलास, हेही नाही. परवा सोडणार आहेत. न्यायला ये. ताईला सांग, तिच्याकडे राहायला येत नाही. दुपारी माझं काम असतं.

माझा लोभ काही फळीवर लिहिलेला नव्हता.

दादा

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाचं पुस्तक छापून होतंय. कचेरीतल्या मंडळींनी आपसात ठरवून छापखाना गाठला आणि कागदसुद्धा हेडक्लार्कांनी स्वतः निवडला. कविता मी चार वेळा वाचली. सगळी कळली असं म्हणणार नाही, पण कुठे सांधा उघडा दिसला नाही.

काल छापखान्यातून निरोप आला की मुद्रितं तपासून झाली आहेत, फक्त एका पानासाठी मला बोलावलंय. मला वाटलं, गल्ल्याची खुर्ची डुगडुगत असेल. पटाशी घेऊन गेलो.

छापखानेवाले काका जाड भिंगांचे आणि कडक. त्यांनी पान पुढे केलं. म्हातारीच्या आधीची ओळ होती, आणि लगेच तिच्या नंतरची. मी विचारलं, दादाने हस्तलिखितात सोडलेली मधली जागा कुठे आहे. काका म्हणाले, कवींनी अकरा ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या होत्या, पण पान कोरं राहिलं तर लोक छापखान्याला हसतील, म्हणून त्यांनी ओळी वर सरकवून घेतल्या. तिथे आहे तरी काय, असं त्यांनी मलाच विचारलं.

मी सांगितलं की तिथे एक बाई आहे, आणि तिच्यावरून माझा रंधा फिरलाय. जागा सोडा.

काकांनी खिळ्यांची जुळणी सोडली. तासाभराने नवं पान आलं. मी पट्टी लावली. दहा ओळींची जागा होती. पुन्हा करायला लावलं. काका पुटपुटले की कवी परवडला, पण हा भाऊ नको. तिसऱ्या वेळी अकरा भरल्या, ना सूतभर कमी, ना जास्त.

मग त्यांनी दादाची चिठ्ठी दाखवली. तिच्यात लिहिलं होतं की बाकीची पानं मी तपासली आहेत, हे एक पान माझा भाऊच तपासेल, आणि तो बरोबर म्हणेपर्यंत छापू नये.

काकांनी पेन पुढे केलं. पानाच्या कडेला मी ‘बरोबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली. माझं अक्षर कसं आहे तुला ठाऊक आहे, ताई. पण काल सरळ आलं.

तुमच्या दोघांच्या मायेतली माझी जागा अशीच मोजून राखा.

तुझा
धाकटा