चाकापुढची गोगलगाय

आप्पा,

तुमची आठवण मला चिखलाच्या वासासकट येते, आणि चांगली येत नाही. बोरगावच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा अजून इंग्रजांचं राज्य होतं. निपाणीहून निम्मी वाट काळ्या रानातली, बैलगाड्यांनी उखणलेली, पावसाळ्यात शेण आणि गाळाचा नुसता रबडा. लेकीसाठी तुम्ही जुनी सायकल आणलीत आणि अट घातलीत, ‘एकटी जाऊन दिवस बुडायच्या आत जेवायला घरात पायजेस. न्हाय जमलं तर नोकरीचं नाव काढायचं न्हाय.’

शिकवायला तुम्हीच. मागनं सीट धरून, पांढऱ्या धोतरात, आणि तोंडात एकच, ‘खाली बघ गं! चाकाफुडं जीव हाईत!’ आपल्या जैनांच्या घरात चालायलाच तसं शिकवतात, पावलापुढची जमीन बघत. मी गोगलगायीकडं बघायची आणि चाक नेमकं तिच्याकडंच वळायचं. मग मी तोंडावर शेणात. एकदा गुडघा फुटून रक्त येत होतं, पदरातून घाण निथळत होती, आणि तुम्ही मला ओलांडून आधी चाकाला चिकटलेली गोगलगाय काडीनं सोडवलीत. ‘मेली बघ,’ म्हणालात. मला किळस आली, आणि ती शेणाची नव्हती. तुमच्या वखारीत तंबाखू कुटणाऱ्या बायका खोकून बेजार व्हायच्या. तिथं तुमची नजर कधी खाली गेली नाही.

त्याच रागात मी पुन्हा सीटवर बसते. ‘सोडा,’ म्हणते. खाली बघायचंच नाही म्हणून लांबच्या बांधावरच्या बाभळीवर डोळे लावते, आणि गाडी सरळ चालायला लागते. चाकोऱ्या, दगड, रबडा, सगळं खालून निघून जातं. मागनं तुम्ही ओरडताय, मी वळत नाही. बाभूळ झाली, चिंच झाली, बोरगाव आलं.

उन्हं असतानाच परत आले. तुम्ही दारात होतात. माझ्याकडं न बघता चाकाशी बसलात, गाळ उकरत विचारलंत, ‘किती जीव मारलेस?’

‘बघितलं न्हाय आप्पा. भूक लागलीया.’

नोकरीला तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तेवढं मानते.

आता शाळेतल्या पोरींना सायकल शिकवताना मान वर ठेवायला सांगते. हे लिहिलेलं चुलीत घालणार आहे, म्हणून सांगते. अंगणात गाडी लावली की, कुणी बघत नाही ना ते पाहून, मी काडी घेऊन चाकाशी बसते. तुमची किळस येते, माझीही येते. तरी बसते.